घोडीच्या खुरात खिळा घुसलाय. उपटून हळद भरली तर चालेल का? परवा वाघोलीत वरातीची सुपारी आहे.

वरातीचं आधी सांगतो: दुसरी घोडी बघा.

खिळा अजून आत असेल आणि डॉक्टर तासा-दोन तासांत पोचणार असतील, तर त्याला हात लावू नका. तो जागेवर असताना एक्स-रे काढला की किती खोल आणि कुठल्या दिशेनं गेलाय ते सरळ दिसतं. तळव्यावरच्या त्या त्रिकोणी, रबरासारख्या भागातून खिळा निघाला की भोक मिटतं, मग ते शोधत बसावं लागतं. तोवर घोडीला चालवू नका. खिळ्याच्या डोक्यापेक्षा जाड लाकडाचे तुकडे त्याच्या दोन्ही बाजूंना खुराला टेपनं घट्ट बांधा, म्हणजे पाय टेकला तरी खिळा वर सरकणार नाही. वाघोलीकडे बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना तोटा नाही. तुमचा खिळाही बहुधा तिथलाच.

घोडी पाय आपटत असेल, डॉक्टर लांब असतील, तर काढावाच लागेल. आधी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या. मग ज्या दिशेनं गेलाय त्याच दिशेनं सरळ ओढा, भोकाभोवती मार्करनं गोल करा आणि खिळा जपून ठेवा. टोक मोडलंय का, हे डॉक्टर पहिलं विचारतील. खूर धुऊन पोव्हिडोन आयोडीन (जखमेवरचं जंतुनाशक) लावा, वर लहान मुलांचा डायपर आणि त्यावर डक्ट टेप. दिसायला विचित्र, पण टिकतं.

हळद नको. भोकात काहीच भरू नका, घाण आत कोंडली जाते. दुखण्याचं इंजेक्शनही डॉक्टरांनी पाहण्याआधी नको, लंगडणं झाकलं जातं.

खिळा तळव्याच्या कडेला असेल तर बहुतेकदा पू होतो. तो मोकळा केला, खूर शेकला की घोडी सावरते. त्या त्रिकोणाच्या मधल्या भागात असेल तर मात्र घाबरण्यासारखं आहे. त्याच्या वरच स्नायू हाडाला जोडणारी जाड दोरी (टेंडन), नेव्हिक्युलर नावाचं छोटं हाड, वंगणाची पिशवी आणि सांधा आहे. तिथे जंतू पोचले तर भूल देऊन आतून धुवावं लागतं, आणि त्यात दिवस गेले तर घोडी कायमची लंगडी होते, कधी कधी जातेही. दुसऱ्या दिवशी बरी चालली म्हणून फसू नका. रेसकोर्समुळे पुण्यात घोड्यांचे पाय रोज बघणारे डॉक्टर आहेत, कॅम्पातल्या एखाद्या नालबंदाला विचारा. कुणीच मिळालं नाही तर सरकारी फिरत्या दवाखान्याचा १९६२ नंबर आहे.

आणि धनुर्वात. घोड्याइतका तो फार थोड्या जनावरांना सहज होतो, आणि जंतू तर लिदीत, मातीतच असतात. लस कधी दिली ते आठवत नसेल तर दिलीच नाही असं डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते लसीबरोबर अँटिटॉक्सिनही (धनुर्वाताच्या विषावरचा उतारा) देतील. पुढचे तीन आठवडे नजर ठेवा: चाल ताठरली, कान उभेच राहिले, डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढुरका पडदा पुढे आला, तर रात्र असली तरी फोन करा.