‘जन्नत’ हा शब्द मुळात फारसी की अरबी? आणि तुर्की, बोस्नियन, हौसा अशा दूरदूरच्या भाषांत तो कसा गेला?

शब्द अरबी आहे. आपल्याकडे तो फारसीच्या हातून आला, म्हणून फारसी वाटतो.

अरबीत ‘जन्ना’ म्हणजे बाग. ज-न-न या धातूचा अर्थ झाकणे. दाट झाडीने जमीन झाकली जाते ती जागा म्हणजे जन्ना. डोळ्यांना न दिसणारा ‘जिन’, जिनाने झपाटलेला ‘मजनून’ आणि पोटातला गर्भ ‘जनीन’ हे याच धातूचे. कुराणात हा शब्द साध्या बागेसाठीही येतो आणि स्वर्गासाठीही. हिब्रूतला ‘गन’ (एदेनची बाग ती ‘गन एदेन’) आणि सिरियाक या जुन्या अरामी बोलीतला ‘गन्न्ता’ हे त्याचे भाऊबंद.

आता प्रवास. शब्द कोणत्या वाटेने आला हे ओळखायचे तर त्याचे शेपूट, डोके आणि स्वर तपासा.

आधी शेपूट. अरबी लिपीत ‘जन्ना’च्या शेवटी ‘ता मरबूता’ नावाचे अक्षर असते. शब्द एकटा उच्चारला तर तिथे ‘आ’ ऐकू येतो. पुढे षष्ठीचा शब्द जोडला की ‘त’ जागा होतो, जसे ‘जन्नतुल फिरदौस’. फारसीने असे शब्द घेताना कधी ‘त’ कायम ठेवला, कधी गाळला. ‘त’ राहिलेले किस्मत, इज्जत, दौलत, हिम्मत, हकीकत. गळालेले किस्सा, हिस्सा. मराठीत दोन्ही गट आहेत. ‘जन्नत’ पहिल्या गटातला, आणि तो ‘त’ हाच फारसी वाटेचा शिक्का. उर्दू, बंगाली, उझबेक या सगळ्यांत तो दिसतो. गंमत म्हणजे खुद्द इराणात रोजच्या बोलण्यातला शब्द ‘बेहेश्त’ आहे, जुन्या इराणी ‘वहिश्त’वरून (अर्थ: सर्वोत्तम). पखालीने पाणी घालणारा आपला ‘भिस्ती’ त्याच ‘बिहिश्ती’तून (अर्थ: स्वर्गातला) आला. बंगालीतही ‘बेहेश्त’च रूढ होता, तिथे ‘जन्नत’चा जोर अलीकडे वाढला आहे.

दुसरे, डोके. पश्चिम आफ्रिकेत हौसा भाषेत ‘अल्जन्ना’ म्हणतात, वोलोफमध्ये ‘आज्जना’. म्हणजे अरबीतले ‘अल’ हे उपपद शब्दालाच चिकटले. इथे फारसी मध्ये नव्हतीच. शब्द सहारा ओलांडून उत्तर आफ्रिकेतल्या व्यापाऱ्यांबरोबर आणि धर्मशिक्षकांबरोबर थेट आला, म्हणून शेपटाला ‘त’ नाही. हौसात जिनालाही ‘अल्जनी’ म्हणतात, त्यामुळे हा एका शब्दाचा अपघात नव्हे, सवय आहे. स्पॅनिशनेही साखरेला ‘असुकार’ आणि कापसाला ‘अल्गोदोन’ म्हणताना हेच केले.

तिसरे, स्वर. तुर्कीत तो ‘जेन्नेत’ झाला, दोन्ही ‘ए’. तिथून उस्मानी राज्याबरोबर बाल्कनमध्ये गेला: बोस्नियनमध्ये ‘जेन्नेत’, अल्बेनियनमध्ये ‘जेनेत’. बाल्कनमधल्या रूपातले ‘ए’ आणि शेवटचा ‘त’ एकत्र पाहिले की वाट सरळ दिसते: अरबी, फारसी, तुर्की, बाल्कन. पण नुसत्या ‘ए’वरून तुर्की म्हणू नका. स्पेनमध्ये ग्रॅनडातल्या अल्हम्ब्रा राजवाड्याशेजारच्या ‘खेनेरालीफे’ या बागेचे नाव ‘जन्नत अल-अरीफ’वरून आले, आणि तिथला ‘ए’ अन्दलुसच्या, म्हणजे मुसलमानी अमलातल्या स्पेनच्या, अरबी बोलीतला आहे. स्पॅनिशमध्ये स्वर्गाला मात्र ‘पाराइसो’. जन्नत उरली ती स्थळनामापुरती.

माझ्या मते सगळ्यांत बोलके उदाहरण माल्टाचे. तिथली भाषा अरबीचीच मुलगी, लोक कॅथलिक. तरी ते स्वर्गाला ‘जेन्ना’ म्हणतात आणि देवाला ‘अल्ला’. नरकाला मात्र इटालियन वळणाचे ‘इन्फेर्न’. जन्नत हा फक्त मुसलमानांचाच शब्द असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

जिथे इस्लाम पोहोचला तिथे या शब्दाने जुना शब्द हाकलला, असेही नाही. इंडोनेशियात सर्रास ‘सुर्गा’ म्हणतात, म्हणजे संस्कृत ‘स्वर्ग’. स्वाहिलीत अरबी शब्दांचा भरणा आहे, पण स्वर्गाला ‘पेपोनी’ हा घरचाच शब्द. तातारीत ‘जन्नत’बरोबर ‘ओज्माह’ टिकून आहे, जो सोग्दी या जुन्या इराणी भाषेतून तुर्की भाषांत आला होता.

‘फिरदौस’ची वाट उलटी. जुन्या इराणीत ‘पइरिदएज़’ म्हणजे भोवती भिंत घातलेली बाग. ‘पइरि’ म्हणजे आपलेच ‘परि’. ग्रीकांनी त्याचे ‘पारादेइसोस’ केले, त्यावरून इंग्रजी ‘पॅराडाइज’. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘फिरदौस’. कुराणात तो दोनदाच येतो. मग हाच शब्द अरबी वेष घेऊन इराणात परतला. तेव्हा ‘पॅराडाइज’चे नाते फिरदौसशी आहे, जन्नतशी नाही.

आपल्याकडे ही सगळी नावे मोगलांच्या मरणोत्तर पदव्यांत सापडतात. बाबर ‘फिरदौस-मकानी’, हुमायून ‘जन्नत-आशियानी’. 1707 साली अहमदनगरला वारलेला औरंगजेब ‘खुल्द-मकान’. खुल्द म्हणजे चिरंतनता, आणि ‘जन्नतुल खुल्द’ हे स्वर्गाचेच नाव. त्याला जिथे पुरले त्या रौझा गावाला त्यावरून खुलदाबाद नाव पडले, त्याचेच बोलीत खुलताबाद. त्यामुळे ‘खुलदाबाद म्हणजे खुले गाव’ असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका.

तशीच आणखी एक चूक वारंवार दिसते: जन्नत आणि जहन्नम ही एकाच मुळाची जोडी समजणे. जहन्नम आला हिब्रू ‘गे हिन्नोम’वरून, म्हणजे जेरुसलेमजवळची हिन्नोमची दरी. दोन्हींत ‘ज’ आणि ‘न्न’ आहेत, एवढेच साम्य.