डेटाबेसमध्ये होमस्टेच्या सुविधा एकाच कॉलममध्ये बिट फ्लॅगने (एका आकड्यातला प्रत्येक बिट म्हणजे एका सुविधेचं हो/नाही) ठेवाव्यात का?
ठेवता येतात. प्रत्येक सुविधेला दोनाचा घात द्या: एसी १, पार्किंग २, मासळीचं जेवण ४, बोटफेरी ८. मालवणातल्या एखाद्या घरात जेवण आणि बोटफेरी असेल तर १२. शोधताना बिटवाइज AND (दोन्ही आकड्यांत असलेले बिटच उरतात) वापरा: (सुविधा & १२) = १२ म्हणजे दोन्ही हवंच; <> ० म्हणजे एक असलं तरी चालेल.

सुविधा वाढवताना + नको, | (बिटवाइज OR: बिट आधीच असेल तर तसाच राहतो) वापरा. जेवण आधीच नोंदलेलं असताना पुन्हा ४ मिळवले की ४ चे ८ होतात: जेवण गायब आणि नसलेली बोटफेरी हजर! पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की बोटफेरीचा बिट काढायला & ~८.

मात्र अशा अटीला साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) उपयोगी पडत नाही, सगळं टेबल वाचावं लागतं. गिऱ्हाईक सुविधा बघूनच घर शोधणार असेल तर घर-सुविधा असं वेगळं टेबलच करा (प्रत्येक जोडीला एक ओळ).