पंधरा कविता पाठ कशा होणार?

"हिच्या काही लक्षातच राहत नाही हो. आम्ही दहावीला अख्ख्या कविता घडाघडा म्हणायचो," आई सांगत होती. मुलगी गप्प. लंडनमधल्या मराठी घरांतून परीक्षेच्या तोंडावर ही तक्रार हमखास येते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी जीसीएसईच्या (इंग्लंडमधली दहावीसारखी परीक्षा) वर्षाला. एक्यूए या परीक्षा मंडळाच्या इंग्रजी साहित्यात 'पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट' गटातल्या 15 कविता, आणि परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही. तिची वही हायलायटरनं माखलेली. वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं, वही मिटली की डोकं रिकामं. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यावर माझा विश्वास नाही तो यामुळेच.

मी विचारलं, "प्रश्न कसा येतो?" ती म्हणाली, "एक कविता पेपरात छापलेली असते, दुसरी आपण निवडायची." म्हणजे 15 कवितांचा अर्थ माहीत हवा, पण ओळी लक्षात ठेवायच्या त्या चार-पाच जोडीदार कवितांच्याच. आईचा चेहरा जरा सैलावला.

मग कोरा कागद दिला. शेलीची 'ओझिमँडियस' आणि ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस'. "दोघंही माजलेले," ती म्हणाली. पुढे? थोड्या वेळानं तिनंच सांगितलं: पहिलीत राजाचा पुतळा वाळवंटात फुटून पडलाय आणि शिल्पकारानं त्याची मग्रुरी दगडात पकडून ठेवलीय, दुसरीतला ड्यूक (सरदार) मात्र बायकोच्या चित्रावरचा पडदा स्वतःच सारतो, मेल्यावरही ती त्याच्याच ताब्यात. तुलना म्हणतात ती हीच. सरावाच्या उत्तरात तिनं एक पान एकीवर, एक पान दुसरीवर लिहून शेवटी 'दोन्हींत सत्ता आहे' एवढंच जोडलं होतं. 30 पैकी 12 गुण कवीची भाषा आणि रचना उलगडण्याला असतात, तिथे हे चालत नाही.

ठरलं असं: 15 चिठ्ठ्या. रोज एक काढायची, तिला जोडीदार शोधायचा, दोन साम्यं आणि एक मोठा फरक वही न उघडता लिहायचा. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून 45 मिनिटांत पूर्ण उत्तर. आईचं काम चिठ्ठी उचलण्याचं, आणि नंतर गप्प बसण्याचं. (दुसरं जास्त अवघड गेलं.)

झोप उडाली, जेवण तुटलं, शाळाच नकोशी झाली, तर चिठ्ठ्या बाजूला ठेवून शाळेशी किंवा जीपीशी (फॅमिली डॉक्टरशी) बोलावं. हिच्यावर ती वेळ आली नाही. पंधरातल्या 'टिश्यू' या कवितेची चिठ्ठी निघाली की मात्र अजून कपाळाला हात लावते.