‘रेड’ला छापा म्हणावे की धाड? आणि ‘तिसरा कमांडो’ म्हणजे कोण?

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश विशेष दलांविषयी मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने एक वाक्य पाठवून शंका विचारली आहे. वाक्य असे: ‘डिसेंबर १९४१मध्ये तिसऱ्या कमांडोने नॉर्वेतील वॉग्सॉय बेटावर धाड टाकली.’ त्यांच्या मित्राचा आक्षेप असा की धाड पोलीस टाकतात किंवा दरोडेखोर घालतात. सैन्य हल्ला करते, म्हणून येथे ‘हल्ला’च हवा. वाचकाला स्वतःला ‘छापा’ही चालेल असे वाटते, पण छापा म्हटले की आयकर खाते डोळ्यांपुढे येते, अशी त्यांची अडचण आहे.

माझ्या मते मित्राचा आक्षेप अर्धा बरोबर आहे आणि वाक्यातील मोठी चूक दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. ती चूक ‘तिसऱ्या कमांडोने’ या शब्दांत आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

आज आपण कमांडो म्हणतो तेव्हा एक माणूस अभिप्रेत असतो: खडतर प्रशिक्षण घेतलेला, निवडक सैनिक. १९४०-४१च्या ब्रिटिश सैन्यात मात्र कमांडो हे प्रथम एका तुकडीचे नाव होते, सुमारे साडेचारशे ते पाचशे माणसांच्या तुकडीचे. ‘क्रमांक ३ कमांडो’ म्हणजे रांगेतला तिसरा सैनिक नव्हे, तर लेफ्टनंट कर्नल जॉन डर्नफर्ड-स्लेटर यांच्या हाताखालची अख्खी तुकडी. मराठीत ‘तिसऱ्या कमांडोने’ असे वाचणाऱ्याला दोन कमांडो आधी जाऊन आले आणि तिसऱ्याने एकट्याने बेट गाठले असे वाटले, तर दोष वाचकाचा नाही. म्हणून तुकडीसाठी ‘तीन क्रमांकाचे कमांडो दल’ आणि माणसासाठी नुसते ‘कमांडो’ अशी विभागणी मराठीत कटाक्षाने पाळावी, असे मी सुचवेन.

शब्दाचा प्रवासही हाच अर्थ सांगतो. पोर्तुगीज भाषेतील हुकमत या अर्थाचा ‘कोमांदो’ दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतवाल्यांच्या, म्हणजे बोअर लोकांच्या बोलीत गेला आणि तेथे त्याला गावोगावच्या शेतकऱ्यांच्या घोडेस्वार पथकाचा अर्थ चिकटला. प्रत्येकाने आपला घोडा आणि आपली बंदूक घेऊन यायचे, आपला म्होरक्या आपण निवडायचा, अशी ती पद्धत होती. मराठीत याला अगदी नेमका जुळणारा शब्द आहे, तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. या हिशेबाने बोअरांचा कमांडो म्हणजे शिलेदारांचे पथक. १८९९ ते १९०२च्या युद्धात या पथकांनी ब्रिटिशांना इतके जेरीस आणले की पराभूताचा शब्द विजेत्याच्या स्मरणात राहिला. जून १९४०मध्ये फ्रान्समधील डंकर्कहून माघार घेतल्यावर शत्रूच्या किनाऱ्यावर अचानक जाऊन तडाखा देणारी दले उभारण्याची कल्पना लेफ्टनंट कर्नल डडली क्लार्क यांनी मांडली आणि नाव सुचवले तेही त्यांनीच. क्लार्क यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला होता. पंतप्रधान चर्चिल यांना तर बोअर युद्धात वार्ताहर असताना बोअरांनी कैदच केले होते, तेव्हा या शब्दाचे वजन त्यांना वेगळे सांगावे लागले नसावे.

शिलेदारीचा एक धागा नव्या दलांतही टिकला, आणि तो मला फार आवडतो. या सैनिकांना बराकीत ठेवत नसत. रोजचा ठरावीक भत्ता हातात देऊन राहण्याजेवण्याची सोय ज्याची त्याने करावी, असा नियम होता. आपली व्यवस्था आपण पाहील तोच शत्रूच्या किनाऱ्यावर अंधारात स्वतःच्या बुद्धीने वागेल, हा त्यामागचा विचार होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाचकाच्या वाक्यातील ‘धाड’ इंग्रजी ‘रेड’साठी आली आहे. ‘रेड’ हा शब्द मुळात घोड्यावर बसून जाणे या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आला आहे; इंग्रजीत रस्त्याला ‘रोड’ म्हणतात तोही त्याचाच भाऊ. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्याचा मराठी जुळा शोधायचा तर तो ‘स्वारी’ ठरतो, कारण स्वारीही सवारापासून, म्हणजे घोडेस्वारापासूनच आली. तरीही येथे स्वारी चालणार नाही. मराठीत स्वारी म्हणजे लवाजमा, तोफखाना, महिनोन्महिन्यांचा पल्ला आणि मुलूख ताब्यात घेण्याचा इरादा. स्वारीवर राजा किंवा सरदार जातो आणि ती आधीपासून गाजत असते. ‘यल्गार’ हा घोडदौडीच्या झपाट्याचाच तुर्की शब्द; त्याचा अर्थ ‘रेड’च्या फार जवळचा होता, पण आज यल्गार मोर्चाचा आणि घोषणांचा झाला आहे. सारख्याच मूळ अर्थाचे शब्द दोन भाषांत किती वेगळ्या वाटांनी जातात, याचे हे उत्तम उदाहरण आहे, आणि अनुवादात व्युत्पत्तीवर भिस्त का ठेवू नये याचेही.

मग उरतात हल्ला, घाला, धाड आणि छापा. ‘हल्ला’ चुकीचा नाही, पण तो सर्वसामान्य आहे. हल्ला दिवसाढवळ्या होतो, रात्री होतो, लाख माणसांचा होतो, एकट्याचा होतो; हल्ला करणारा परत जाणार की तेथेच ठाण मांडणार हे तो शब्द सांगत नाही. ‘घाला’ प्राणावर येतो. काळाने घाला घातला असे आपण म्हणतो तेव्हा त्यात अटळपणा आणि शोक असतो, आणि ती छटा येथे नको आहे.

‘धाड’ आणि ‘छापा’ यांतील फरक मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. संस्कृत ‘धाटी’शी नाते सांगणारी धाड मराठीत बहुधा पडते. गावावर धाड पडली, पिकावर टोळधाड आली: बोलणारा ज्याच्यावर ती पडली त्याच्या बाजूला उभा असतो. कुरकुरणाऱ्या माणसाला ‘तुला काय धाड भरली आहे?’ असे आपण विचारतो, तेव्हाही ती बाहेरून येऊन कोसळणारी पीडाच असते. छापा मात्र घातला जातो, आणि बोलणारा घालणाऱ्याच्या बरोबर असतो. एप्रिल १६६३मध्ये शिवाजी महाराजांनी पुण्यात लाल महालात शाइस्तेखानाला गाठले, त्याला मराठी लेखक पिढ्यानपिढ्या छापाच म्हणत आले आहेत. मोजकी माणसे, रात्रीची वेळ, नेमके लक्ष्य, क्षणात उडवलेला गोंधळ आणि कार्यभाग उरकताच परतीची वाट, हे सगळे त्या एका शब्दात आपोआप येते. आयकर खात्याचा छापा हे या जुन्या लष्करी अर्थाचे अलीकडचे अपत्य आहे. मुलामुळे बापाचे नाव सोडण्याचे कारण नाही.

ब्रिटिश दलांच्या कामगिऱ्या या अर्थाशी ताडून पाहाव्यात. ४ मार्च १९४१ रोजी नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर तीन आणि चार क्रमांकांची कमांडो दले उतरली, माशांच्या तेलाचे कारखाने त्यांनी उडवले, कारण त्या तेलातून स्फोटकांना लागणारे ग्लिसरीन मिळत असे, आणि दोनशेहून अधिक जर्मन कैदी व तीनशेहून अधिक नॉर्वेजियन स्वयंसेवक घेऊन ती त्याच दिवशी परतली. फेब्रुवारी १९४२च्या अखेरीस फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रुनव्हाल येथे मेजर जॉन फ्रॉस्ट यांच्या छत्रीधारी सैनिकांनी जर्मन रडार यंत्राचे भाग सुटे करून नावांतून इंग्लंडला नेले. पुढच्याच महिन्यात, २८ मार्चला, फ्रान्समधील सेंट नाझेर बंदरात गोदीच्या दारावर ‘कॅम्बेल्टाऊन’ ही जुनी विनाशिका नेऊन आदळवली गेली आणि तिच्या पोटातील दडवलेली स्फोटके काही तासांनी फुटून गोदी निकामी झाली. त्या रात्री गेलेल्या सहाशेहून अधिक जणांपैकी १६९ मारले गेले आणि दोनशेहून अधिक पकडले गेले. इतकी हानी झाली तरी बेत परत येण्याचाच होता, म्हणून मी त्यालाही छापाच म्हणेन.

ऑगस्ट १९४२मध्ये फ्रान्सच्या दिएप बंदरावर झालेल्या कामगिरीचे मात्र वेगळे आहे. इंग्रजीत तीही ‘रेड’च आहे, कारण बंदर ताब्यात ठेवायचे नव्हते, पण सुमारे सहा हजार माणसे, त्यांतील पाच हजार कॅनडाची, रणगाडे आणि युद्धनौका यांसह पहाटे किनाऱ्यावर धडकतात, याला छापा म्हटले की मराठी शब्द फाटतो. तेथे ‘चढाई’ लिहावे. एका इंग्रजी शब्दाला सर्वत्र एकच मराठी शब्द लावण्याचा हट्ट येथे सोडलेला बरा.

‘गनिमी कावा’ हा शब्दही काही जण सुचवतील. तो युद्धपद्धतीचे नाव आहे, एका रात्रीच्या घटनेचे नव्हे. शिवाय आपल्याच मुलखात, आपल्याच लोकांच्या आधाराने लढणाऱ्यांना तो शोभतो. समुद्रापलीकडून येऊन परत जाणाऱ्या खड्या सैन्यातील सैनिकांना तो लावताना मी थांबेन.

धाड की छापा हा प्रश्न मी इतका लांबवला, कारण त्या काळात तो जिवाशी गाठ घालणारा होता. १८ ऑक्टोबर १९४२ रोजी हिटलरने गुप्त आदेश काढला की असे कमांडो गणवेशात असले, शरण आले, तरी त्यांना ठार करावे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेजर हॅस्लर यांच्या नेतृत्वाखाली दहा मरीन (नौदलाच्या पायदळातील) सैनिक पाच होड्यांतून फ्रान्समधील बोर्डो बंदराकडे निघाले आणि तेथील जहाजांना त्यांनी सुरुंग चिकटवले. जिवंत परतले दोघेच, हॅस्लर आणि बिल स्पार्क्स, आणि पकडलेल्यांना या आदेशाखाली गोळ्या घालण्यात आल्या. आदेश काढणाऱ्याच्या लेखी ते दरोडेखोर होते, म्हणजे त्याच्या दृष्टीने ती ‘धाड’ होती. मराठीत लिहिताना नकळत तीच बाजू आपल्या शब्दात येऊ नये, एवढीच माझी कळकळ आहे.

याच लेखात वाचकाने स्पेशल एअर सर्व्हिसला ‘विशेष हवाई सेवा’ म्हटले आहे. मराठी वाचकाला त्यातून विमानाच्या जादा फेऱ्या ऐकू येतील. हे नावही डडली क्लार्क यांचेच: उत्तर आफ्रिकेत छत्रीधारी ब्रिगेड आहे असे शत्रूला भासवण्यासाठी त्यांनी ते आधी कागदावर रचले होते. जुलै १९४१मध्ये डेव्हिड स्टर्लिंग यांच्या जेमतेम साठेक माणसांच्या पथकाला ते दिले गेले. नोव्हेंबरमध्ये छत्रीने उतरण्याचा पहिला प्रयत्न वादळात फसून निम्म्याहून अधिक माणसे गमावल्यावर ते वाळवंटातून मोटारींनी जाऊन विमानतळांवर छापे घालू लागले. म्हणजे नावातील ‘हवाई’ हुलकावणीसाठी होते. अशा नावाचा अनुवाद न करता ‘एसएएस’ लिहावे, आणि पहिल्या उल्लेखात ‘ब्रिटिश सैन्याचे विशेष दल’ एवढे जोडावे.

दुरुस्त वाक्य असे होईल: ‘२७ डिसेंबर १९४१ रोजी तीन क्रमांकाच्या कमांडो दलाने नॉर्वेतील वॉग्सॉय बेटावर छापा घातला.’ क्रियापद ‘घालणे’ ठेवावे. ‘छापा टाकणे’ वर्तमानपत्रांमुळे रुळले आहे, ते अशुद्ध नाही, पण युद्धाच्या वर्णनात जुने क्रियापद अधिक भरीव वाटते.

लेखात गोव्याचाही प्रसंग घेणार असाल, तर तेथे शब्द आणखी जपून वापरावे लागतील. ९ मार्च १९४३च्या रात्री मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर जे चढले ते कमांडो नव्हते. कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव पथकातील, बहुतेक वयस्क, नोकरी-व्यापार करणारे ब्रिटिश गृहस्थ होते, आणि जहाजावरून पाणबुड्यांना गुप्त संदेश जातात या संशयावरून ब्रिटिश गुप्त कारवाई विभागाने त्यांना पाठवले होते. जहाज खलाशांनीच बुडवले आणि बंदरातील इतर जर्मन व इटालियन जहाजांचीही तीच गत झाली. पोर्तुगाल तटस्थ असल्याने ही कामगिरी अनेक वर्षे जाहीर झाली नाही. येथे ‘कमांडोंनी’ हा कर्ता चुकीचा ठरेल, ‘छापा’ मात्र अचूक आहे.