पोर्शची ओळख ९११ ही स्पोर्ट्स कार असताना विक्री एसयूव्हींची जास्त का?

२०२४ मध्ये पोर्शने जगभरात ३,१०,७१८ गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. त्यांत १,०२,८८९ कायेन आणि ८२,७९५ मकान या एसयूव्ही होत्या, तर ९११ केवळ ५०,९४१. कारण साधे आहे. ९११ च्या मागच्या आसनावर मोठ्या माणसाचे गुडघे मावत नाहीत, त्यामुळे ती बहुधा घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी ठरते, आणि २००२ मध्ये आलेल्या कायेनने कुटुंबासह रोज प्रवास करणारा ग्राहक कंपनीला मिळवून दिला. मला खरी काळजी वाटते ती चीनमधल्या घसरणीची: २०२१ मध्ये तिथे ९५,६७१ गाड्या गेल्या होत्या, २०२४ मध्ये जेमतेम ५६,८८७. ९११ ची विक्री मात्र त्याच वर्षी किंचित वाढली.