मँचेस्टरचं वर्ष आणि भुलाबाईचा डबा

प्रश्न : गुरुजी, इंग्लंडातल्या मँचेस्टरनं २०१६ साली ‘युरोपचं विज्ञान-शहर’ म्हणून वर्षभर उत्सव केला, त्यात शास्त्रज्ञांच्या जोडीला गाणारे, वाजवणारे, चित्रं काढणारेही होते, असं वाचलं. आमच्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान दिन म्हणजे २८ फेब्रुवारीला रामन यांचा फोटो, हार आणि तीन भाषणं. यंदा चौथीतला एक पोट्टा दुसऱ्या भाषणातच झोपला. खेड्यात असं काही जमेल का? सभागृह नाही, पैसा नाही.
— एक शिक्षिका, दारव्हा तालुका

उत्तर : बाई, झोपलेल्या पोट्ट्यावर रागावू नका. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्या दिवशी पाहुण्यांच्या शेजारी बसून कैकदा जांभया गिळल्या.

मँचेस्टर आपल्याला तसं परकं नाही. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या गाठी आठवल्या. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा गेला तो कापसासाठीच. त्याच मँचेस्टरात २०१६ ला विद्यापीठातल्या मंडळींनी शाळकरी पोरांना हाताशी धरून जुन्या, टाकाऊ इलेक्ट्रॉनिक सामानातून यंत्रमानवांचा वाद्यवृंद बसवला. तो कसा वाजला, माहीत नाही. मला त्यातलं भंगार आवडलं. ते तर आपल्याकडेही ढिगानं आहे.

पण आधी माझी फजिती ऐका. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची कपाशी पोखरली. पुढच्या वर्षी मी गावच्या दंडारीसाठी, म्हणजे आमच्या लोकनाट्यासाठी, बोंडअळीचे पतंग वासानं ओढून धरणाऱ्या कामगंध सापळ्यांवर पाच गाणी लिहिली. ‘शेतकरी दादा, सापळे लावा’ या चालीची. दुसऱ्या गाण्याला अर्धे लोक टपरीवर. तिसऱ्याला ढोलकीवाला अन् सरपंच उरले, सरपंचांना अध्यक्षपद होतं म्हणून. आमचा म्हातारा सोंगाड्या म्हणाला, “गुरुजी, हे गाणं नाही, कृषी खात्याचं पत्रक होय. मले करू द्या.”

त्यानं लुगडं नेसलं, तोंडाला पावडर थापली आणि प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये उभा राहून नुसती मान वेळावू लागला. चार पोट्टे घोंगड्यांचे पंख करून पतंग झाले. वास हुंगत, एकमेकांना ढकलत आले आणि एकेक करून ड्रममध्ये कोसळले. शेवटचा आतून ओरडला, “अबे, इथं बाई कुठी हाय? हे तं नुसती गोळी होय!” टपरीवरचे लोक चहाचे कप घेऊन परतले. हसणं ओसरलं तशी मागून एक म्हातारी बोलली, “मंग मादीले काहून नाही धरत हा सापळा?”

माझ्या पाच गाण्यांत हा प्रश्न कुठेच नव्हता. मग तिथेच सांगितलं. गोळीत मादीच्या वासाची नक्कल असते, म्हणून नरच येतो. सापळ्यानं अळी संपत नाही, ती किती आली ते कळतं. हेक्टरी ५ सापळे लावायचे. सलग ३ रात्री सापळ्यात ८-८ पतंग निघाले तर उपायाची वेळ झाली समजायची. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत दोघे भाऊ पन्नीत पतंग घेऊन माझ्या ओट्यावर हजर. मोजले, सात भरले. आठवा वाटेत उडाला की मुळात नव्हताच, यावर दोघांची जुंपली. चहा दोनदा करावा लागला.

तर बाई, पैशाचं नंतर पाहू. कलेला विज्ञानाचा निरोप्या केलं की लोक उठून जातात, एवढं मी स्वतःच्या अंगावर शिकलोय. लोकांना आधी कोडं लागतं.

ते कोडं तुमच्याकडे दरसाल येतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघरी फिरतात, शेवटी डबा वाजवून खाऊ ओळखायला लावतात. डबा उघडायचा नाही, नुसतं हलवायचं, आवाज ऐकायचा. “खडखडते, म्हणजे लाडू नाही.” “गोड हाय का तिखट?” मँचेस्टरात शास्त्रज्ञ रुदरफोर्ड यांनी वेगळं काय केलं? अणू उघडून पाहता येईना. १९०९ मध्ये त्यांच्या हाताखालच्या गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ वर्खावर अल्फा कण, म्हणजे अणूहूनही बारीक गोळ्या, मारले. जवळजवळ सगळे आरपार गेले, हजारोंतला एखादा उलटा फिरला. एवढ्या खडखडाटावरून रुदरफोर्ड यांनी १९११ मध्ये ओळखलं, की आत मधोमध काहीतरी बारीक पण जड बसलंय. अणूचं केंद्रक ते हेच.

म्हणून म्हणतो, २८ फेब्रुवारीची वाट पाहू नका, भुलाबाई बसली की सुरू करा. महिनाभर रोज एका पोरीनं डबा आणावा. बाकीच्यांनी फळ्यावर अंदाज लिहावा आणि त्यापुढे कशावरून ते लिहावं. ‘कशावरून’ नसेल तर बरोबर आलेलं उत्तरही पुसायचं, त्यावर रडारड होईल ती होऊ द्या. नवी गाणी पोरींनाच जुळवू द्या, तुम्ही लिहू नका, मीही पाठवणार नाही. झोपलेल्या पोट्ट्याच्या हाती डबा द्या. आणि फुटाणे टाळा. ते पहिल्याच दणक्यात ओळखू येतात.