बुरशीवर नोकरी लागते का हो?

नमस्कार दादा, तुमची मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डासांच्या अळ्या बुरशीने मारायच्या ह्यावरच पुढे काम करायचं म्हणते आणि तुम्ही विचारताय की असल्या कामावर पोट भरतं का, त्यापेक्षा बीएड बरं नाही का. तुम्ही ऊस लावता असं लिहिलंय म्हणून तिथूनच सांगते. उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीसाठी शेणखतात मिसळून मेटारायझियम टाकता ना, ती हिरवी बुरशी, तीच लॅबमध्ये डासांच्या अळ्याही मारते. पोरगी हवेतलं बोलत नाहीये.

पण अडचण खरी आहे आणि ती तिला आत्ताच कळू द्या. मातीत बुरशी किडीच्या अंगाला चिकटते, रुजते, आत शिरते. पाण्यात तसं सोपं नाही, बुरशीच्या स्पोर्सना, म्हणजे बीजाणूंना, पाणी धरत नाही, ते वर तरंगतात, गुठळ्या होतात, उन्हाने मरतात आणि अळीने कात टाकली की चिकटलेले पण कातीबरोबर गेले. म्हणून अळ्यांसाठी जास्त करून बीटीआय वापरतात, तो अळ्या मारणारा बॅक्टेरिया. मग स्पोर्स तेलात द्यायचे की पावडरीत, किती दिवस टिकतील, हे फॉर्म्युलेशनचं काम अजून बाकी आहे आणि माझ्या मते नोकरी तिथेच आहे. सेफ्टी टेस्टिंग पण. अमेरिकेत लॅजेनिडियम नावाचा बुरशीसारखा जीव अळ्यांसाठी रजिस्टर झालेला, नंतर त्याचाच एक प्रकार कुत्र्यांना आजारी पाडतो हे कळलं.

फक्त ह्या एका बुरशीवर करिअर टांगू नका. आयसीएमआर म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिचं पुद्दुचेरीला व्हीसीआरसी हे डासांसारख्या रोग पसरवणाऱ्या कीटकांवरचं संशोधन केंद्र आहे, १९७५ पासूनचं, तिथे पब्लिक हेल्थ एन्टोमॉलॉजीची, म्हणजे अशाच कीटकांच्या अभ्यासाची, दोन वर्षांची एमएस्सी होते, प्रवेशाची जाहिरात तिने स्वतः वाचावी. डास, रोग, औषधं सगळं त्यात येतं, म्हणजे बुरशीचं नाही जमलं तरी हात रिकामे राहत नाहीत. बुरशीच शिकायची तर पुण्यात आघारकर संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, सुट्टीत प्रोजेक्टसाठी विचारायला काय हरकत आहे? बीएड नंतरही करता येतं दादा.

आणि ह्या रविवारी तिच्याबरोबर बसा. टाकीतलं अळ्यांचं पाणी काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला फडकं बांधा. शेपटीकडची नळी वर लावून डोकं खाली करून लटकतात त्या घरातले डास, पाण्याला समांतर आडव्या दिसल्या तर मलेरियाचे. स्वल्पविरामासारखे कोष दिसायला लागले की पाणी गटारात नको, कोरड्या जमिनीवर उन्हात ओता.